मोजमापाचे मोल
(वार्षिक सर्वसाधारण सभेत जैववैद्यकीय उपकरण विभागाच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या भौतिकोपचार विभागात सांधेदुखीवर वापरला जाणारा लेसर अवरक्त प्रकाशाचा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. यंत्राचा दिवा लागतो, घंटी वाजते. परंतु प्रत्यक्षात किती शक्ती बाहेर पडते हे रुग्णाला कळत नाही आणि उपचार करणाऱ्यालाही कळत नाही. बाजारातील शक्तिमापकाची किंमत आमच्या विभागाच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून आम्ही तो स्वतः बनविण्याचे ठरविले.

यामागील तत्त्व जुने आहे. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांच्या तापमानात फरक पडला की विद्युत्दाब निर्माण होतो, हा परिणाम सीबेक यांनी १८२१ मध्ये पाहिला. लहान शीतपेट्यांत असते तशी पेल्टिअर पट्टी आम्ही घेतली. तिच्या एका बाजूस काळा रंग दिलेली ॲल्युमिनियमची चकती आणि दुसऱ्या बाजूस जुन्या संगणकातील उष्णताशोषक बसविला. प्रकाशाने चकती तापते आणि साधा मल्टिमीटर मिलिव्होल्ट दाखवितो.

मिलिव्होल्टचे मिलिवॅट करण्यासाठी चकतीच्या मागे १०० ओहमचा रोधक चिकटविला. त्यास ५ व्होल्ट दिले की २५० मिलिवॅट उष्णता निर्माण होते. तेवढेच वाचन लेसरने दिले, तर शक्तीही सुमारे तेवढीच. काळा रंगही थोडा प्रकाश परतवितो आणि वाऱ्याची झुळूक वाचन हलविते. म्हणून पेटी बंद ठेवतो, वाचन स्थिर होईपर्यंत थांबतो आणि संरक्षक चष्म्याविना लेसर सुरू करीत नाही.

यंत्रावर ४०० मिलिवॅट लिहिले होते. आमच्या मापकाने २४० दाखविले. प्रथम आम्ही स्वतःच्याच मापकावर संशय घेतला. प्रमाणित मापकाने तपासल्यावर दोष लेसरचाच निघाला. दुरुस्ती झाली. ज्यांना अपुरा उपचार मिळाला होता, त्यांची सत्रे विनामूल्य पुन्हा घेतली.

आता किमतीविषयी. सुटे भाग दीड हजार रुपयांत बसले. परंतु कर्मचाऱ्यांचे तास, वाया गेलेले दोन प्रयत्न आणि प्रमाणित मापकाशी दरवर्षी करावयाची तुलना धरल्यास खर्च कित्येक पटींनी वाढतो. म्हणून "दीड हजारांचे यंत्र" अशी जाहिरात आम्ही करणार नाही. नेत्रविभागातील लेसरलाही हा मापक लावलेला नाही. दृष्टिपटलाच्या बाबतीत अंदाजास जागा नाही. तेथे अधिकृत प्रमाणीकरणच हवे. आमचा मापक दोन तपासण्यांच्या मधल्या काळात पहारा देतो, एवढेच त्याचे काम.

कोणत्याही धर्मादाय रुग्णालयाने मागितल्यास आराखडा विनामूल्य देऊ. सोबत त्याच्या मर्यादांची यादीही देऊ. आपण विश्वासाने दिलेल्या प्रत्येक रुपयाचा उपचार रुग्णापर्यंत पुरेपूर पोहोचावा, हीच आमची धडपड आहे.