मायक्रोवेव्ह वापरताना



गिरगावच्या चाळीत काय किंवा लालबागच्या टॉवरमध्ये काय, ओट्याच्या कोपऱ्यात मायक्रोवेव्ह आता सर्रास दिसतो. आणि ‘त्यातले किरण अंगाला बाधत नाहीत ना?’ हा प्रश्नही हमखास ऐकू येतो.

या लहरी रेडिओलहरींच्याच कुळातल्या, सुमारे 12 सेंटिमीटर लांबीच्या. दाराच्या काचेत बारीक छिद्रांची धातूची जाळी असते, ती त्यांना आतच अडवते. दार उघडलं की लहरी तत्क्षणी बंद होतात, अन्नात काहीही उरत नाही. मात्र दार वाकलं असेल किंवा कडेला खरकटं साचून नीट बसत नसेल, तर दुरुस्त होईपर्यंत ओव्हन लावू नका.

खरी काळजी घ्यायची ती भांड्याची आणि प्लगची.

आपलं स्वयंपाकघर स्टीलचं. ऑफिसचा डबा उचलून तसाच आत ठेवण्याचा मोह होतो. पण धातू लहरी परतवतो. अन्न नीट तापत नाही आणि ठिणग्या उडू शकतात. सोनेरी कडेची कपबशी, ॲल्युमिनियम फॉइल, पार्सलच्या पिशवीला मारलेली स्टेपलरची पिन, सगळं बाहेरच ठेवा. श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबाही नको. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं घ्या. झाकण सैल असू द्या, वाफेला वाट हवी.

अख्खं अंडं, अगदी उकडलेलं असलं तरी, आत तापवू नका. बाहेर काढून चमचा लावताच ते फुटू शकतं. गुळगुळीत कपातलं नुसतं पाणी बुडबुडा न येताही उकळीपलीकडे तापतं आणि कॉफी टाकताच अंगावर उसळतं. ते जास्त वेळ तापवू नका, काढण्याआधी अर्धा मिनिट थांबा. बाळाची बाटली तर नकोच: बाहेरून कोमट लागते, आतलं दूध मात्र कुठे कुठे कढत असतं. आमटी-भातही मध्येच एकदा ढवळा, वाफा येईपर्यंत तापवा.

आत काही पेटलंच, तर दार उघडू नका. आधी बटण बंद, मग प्लग काढा. हवा मिळाली नाही की आग विझते. विझली नाही, तर 101 ला फोन करा. आणि ओव्हनचं मागचं झाकण घरी कधीही खोलू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो.

आता प्लग. 800 वॉटचा ओव्हन भिंतीतून साधारण 1,200 वॉट ओढतो. जुन्या चाळींत एकाच बोर्डावर फ्रिज, मिक्सर आणि वर हा! वायर तापते आणि आग लागू शकते. म्हणून 16 ॲम्पिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट हवा. आजच आपला प्लग कुठे लावलाय ते बघा. एक्स्टेन्शन बोर्डावर असेल, तर काढा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.