एका बाराची किंमत

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. मी चौथीत असताना एका सोमवारी गुरुजींनी विचारलं, ‘काल वडील दिसले नाहीत?’ मी उभा राहून खणखणीत आवाजात सांगितलं, ‘अब्बा दारू आणायला नागपूरला गेले होते.’ वर्ग हसला. गुरुजींनी चष्मा वर केला आणि विचारलं, ‘पिण्याची की ठासण्याची?’ मी म्हटलं, ‘ठासण्याची.’ ‘मग बस खाली,’ ते म्हणाले.

आज त्या ठासण्याच्या दारूबद्दलच बोलायचं आहे. तिचा एक बार केवढ्याला पडतो, हा माझा आजचा विषय. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. हिशोबाशी माझा संबंध दुकानदाराच्या उधारीपुरता. पण हा हिशोब मी अब्बांच्या मांडीला मांडी लावून शिकलो, म्हणून सांगायचं धाडस करतो.

आष्टी हे आमचं गाव वर्धा जिल्ह्याच्या टोकाला. संत्र्याच्या बागा, कापूस, तूर, सोयाबीन, आणि मागे जंगल. जंगलातून रात्री रानडुकरं उतरतात, रोही येतात. डुकरांचा कळप भुईमुगात शिरला की सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं. म्हणून आमच्याकडे जागल असते. मचाणावर बसायचं, शेकोटी पेटवायची, डबा वाजवायचा, आरोळी द्यायची. ज्याच्याकडे परवाना असेल त्याच्याकडे ठासणीची बंदूक.

ही बंदूक पुढून भरतात. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधी किंवा कागदाचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजानं ठासायचं. मागे टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एका बारानंतर दुसरा भरायला वेळ लागतो, आणि तोवर डुक्कर तीन वावरं ओलांडून गेलेलं असतं. तरीही शेतकऱ्याला हीच परवडणारी. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या राखणीसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मंजूर करता येते. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ रोजी लागू झाला. आमच्या अब्बांचा परवाना त्यानंतर काही वर्षांचा.

आष्टीच्या माणसाला बंदुकीचं कौतुक कमी आणि धाक जास्त. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आमच्या गावानं पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला, गोळीबार झाला, गावची माणसं हुतात्मा झाली. ती हकिकत ऐकतच आम्ही मोठे झालो. त्यामुळे ‘गोळीची किंमत काय?’ असा प्रश्न आमच्या घरात कुणी सहज विचारत नसे.

अब्बा मात्र विचारत. आणि वहीत लिहीत.

शंभर पानी वही, वर शिवण. तारीख, किती बार, कशासाठी. ‘एक बार. आवाजाचा. डुकरं गेली.’ ‘एक बार. आवाजाचा. गेली नाहीत.’ ‘बार नाही. ओरडलो.’ वर्षाच्या शेवटी बेरीज आणि भागाकार. तो भागाकार आजच्या आकड्यांत मांडून दाखवतो. भाव मी हिशोबापुरते धरतोय. तुमच्या बाजारात वेगळे असतील. रीत तीच राहते.

एका बाराला चार ग्रॅम दारू धरू. हे भागाकारासाठी. कोणत्या नळीला किती झेपतं ते जाणकारालाच विचारावं. म्हणजे एक किलोत अडीचशे बार. किलोला हजार रुपये धरले, तर बाराला दारू चार रुपयांची. छर्रे तीस ग्रॅम धरले आणि शिसं दोनशे रुपये किलो, तर ते सहा रुपयांचं. म्हणजे ज्या दारूची आपण इतकी चर्चा करतो, तिच्यापेक्षा शिसंच महाग. टोपीचे तीन रुपये. झाले तेरा.

इथेच अब्बांची पहिली युक्ती. पीक राखायचं तर आवाज पुरतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे; रानडुक्कर आणि रोही दोघांनाही त्याचं संरक्षण आहे, आणि वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जनावर मारता येत नाही. शिवाय डुक्कर मारून आमच्या चुलीला काय उपयोग, हे वेगळं सांगायला नको. म्हणून अब्बा छर्रे घालतच नसत. अर्धी दारू, कागदाचा बोळा, नळी आभाळाकडे. दारू दोन रुपयांची, टोपी तीन रुपयांची. तेराचा बार पाचावर आला. शेजारचे म्हणत, ‘चाचा, छर्रा काहून नाही टाकत?’ अब्बा म्हणत, ‘डुकराले हिशोब येत नाही. त्याले आवाजच कळते.’

दुसरी गोष्ट ओलाव्याची. काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक असतं. पावसाळी हवेत तिला ओल धरते आणि बार फुसका जातो. दहातले तीन बार वाया गेले, तर तेरा रुपयांचा बार साडेअठराला पडतो. दुकानदारानं भाव वाढवला की आपण कुरकुरतो, पण घरच्या ओलीनं वाढवलेला भाव कुणाच्या लक्षात येत नाही. शिवकालीन परंपरेतल्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी गडावरच्या दारूबद्दल हेच बजावलं आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, आणि ठरावीक दिवसांनी माल बाहेर काढून उन्हं दाखवून पुन्हा बंद करावा. तीनशे वर्षांपूर्वीची ती शिस्त अब्बांनी पुस्तकात वाचली नव्हती. पण त्यांचा डबा घट्ट झाकणाचा असे, आणि चुलीच्या खोलीत कधीच नसे.

तिसरी गोष्ट गरम पाण्याची. काळ्या दारूची राख नळीत राहिली की नळी गंजते. बार झाल्यावर गरम पाण्यानं नळी धुवायची, सुकवायची, तेलाचा बोळा फिरवायचा. हे फुकट आहे, म्हणूनच लोक करत नाहीत. आणि मग नळीच जाते.

आता चौथी आणि सगळ्यात जड रक्कम. दारू आष्टीत मिळत नव्हती. परवानाधारक दुकानात, परवान्यावर नोंद करून, मर्यादेइतकीच मिळे. त्यासाठी पहाटे निघायचं, तळेगाव, कारंजा, कोंढाळी करत नागपूर गाठायचं, आणि रात्री परत यायचं. आजच्या हिशोबानं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळून सातशे रुपये धरा. वर्षाला पन्नास बार उडवले, तर प्रत्येकावर चौदा रुपये चढले. वीसच उडवले, तर पस्तीस. पाच रुपयांचा बार चाळीस रुपयांना! म्हणजे दारू स्वस्तच होती. महाग होता तो तिच्यापर्यंतचा रस्ता.

इथपर्यंत हिशोब सोपा होता. पुढचा मला सांगायला जड जातो.

आमच्या धुऱ्याला धुरा लागून एका काकांचं वावर होतं. नाव सांगत नाही. त्यांच्याकडेही परवाना होता, बंदूक होती. अब्बांचे ते जागलीतले सोबती. दोन मचाणांवरून रात्रभर दोघांच्या गप्पा चालत, इकडची बिडी तिकडे जाई. १९८३ साली दिवाळीच्या आधी अब्बा नागपूरला गेले आणि एकटेच गेले. काकांना विचारलं नाही. विसरले, की घाई होती, की उधारीवरून काही बोलणं झालं होतं, मला माहीत नाही. परत आल्यावर काका घरी आले. ‘मूठभर दे ना गा, तूर उभी आहे.’ अब्बा म्हणाले, ‘तुह्या परवान्यावर नोंद नाही, माह्याकडून कमी झाली तर मी का दाखवू?’ कायद्यानं अब्बा बरोबर होते. एकाच्या परवान्यावरची दारू दुसऱ्याला देता येत नाही. काका काही न बोलता गेले.

दिवाळी झाली. काकांनी न वाजलेले फटाके जमवले, सोलले, आणि त्यातली भुकटी नळीत ठासली. दारू ती दारू, असं त्यांना वाटलं असावं. पण फटाक्यातली भुकटी वेगळी. ती काळ्या दारूसारखी जळत नाही, एकदम फुटते. तो दाब जुन्या नळीला पेलत नाही. रात्री आम्ही आवाज ऐकला. बाराचा नव्हता, हे अब्बांना लगेच कळलं. ते मचाणावरून उडी टाकून धावले. मी तेरा वर्षांचा होतो, कंदील घेऊन मागे.

डाव्या हाताची दोन बोटं गेली. एका डोळ्याला बरेच दिवस पट्टी होती. इलाजासाठी बैलजोडी विकली. त्या वर्षीची तूर डुकरांनी खाल्ली, कारण जागलीला कुणी उरलंच नाही.

अब्बांच्या वहीत त्या तारखेला लिहिलं आहे, ‘शेजारचा एक बार. एक बैलजोडी. दोन बोटं.’ खाली रेघ नाही, बेरीज नाही. त्या वर्षीचा भागाकार त्यांनी केलाच नाही.

पुढच्या वर्षापासून एक बदल झाला. नागपूरला जायच्या आठ दिवस आधी अब्बा आसपासच्या सगळ्या परवानाधारकांच्या घरी जाऊन सांगून येत, ‘मंगळवारी जाऊन राह्यलो, चला.’ चार-पाच जण एक जीप करत. प्रत्येकाचा परवाना वेगळा, नोंद वेगळी, पुडा वेगळा. भाडं मात्र वाटून. काका पुन्हा बंदूक धरू शकले नाहीत, त्यांनी परवाना परत केला. तरी अब्बा त्यांच्याही दारात उभे राहत. ते म्हणत, ‘मले का करायची आता?’ अब्बा म्हणत, ‘सांगाले आलो फक्त.’ असं कितीतरी वर्षं चाललं. ती माफी होती, हे मला फार उशिरा कळलं. दोघांनीही तो शब्द कधी उच्चारला नाही.

श्रोतेहो, स्वस्त दारूचं बिल कुणीतरी भरतच असतं. नागपूरच्या त्याच रस्त्यावर बाजारगाव लागतं. तिथल्या स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले, त्यात सहा बाया होत्या. आमच्याच जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६च्या पहाटे आग लागली, तेव्हा आग विझवायला धावलेले जवान गेले. अशा बातम्या वाचल्या की मला वाटतं, पुड्यावर छापलेल्या भावात यांचं काहीच धरलेलं नसतं.

आता ठासणीच्या बंदुका कमी झाल्या. निवडणूक आली की ठाण्यात जमा करा, नंतर सोडवून आणा, नूतनीकरण करा. पोरांना त्याचा कंटाळा. आमचीही बंदूक अब्बा गेल्यावर रीतसर जमा केली. कुंपणाला झटका मशीन आलं. ते बरं आहे. पण पैसे वाचवायला कुणी थेट विजेच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात करंट सोडतो, आणि सकाळी डुकराऐवजी माणूस पडलेला सापडतो. तीही फटाक्याच्या भुकटीचीच जात.

मागच्या दिवाळीनंतर माझा पुतण्या प्लॅस्टिकच्या पाइपाची बंदूक घेऊन आला. आत कार्बाइडचा खडा, थोडं पाणी, लायटरची कळ. माकडं पळवायला म्हणे. ‘चाचा, शंभर-दोनशेत बंदूक! बार तर फुकटच समजा.’ २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच खेळण्यानं कितीतरी मुलांचे डोळे दुखावले, काहींची दृष्टी गेली. बार उडाला नाही म्हणून मूल नळीत डोकावतं, आणि नेमका तेव्हाच उडतो. मी पुतण्याला रागावलो नाही. पेटीतून वही काढली आणि १९८३चं ते पान त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं वाचलं. बराच वेळ गप्प राहून विचारलं, ‘मग माकडांचं काय करायचं?’

प्रश्न खरा आहे. बाग त्याची आहे, कर्ज त्याच्या नावावर आहे. वही दाखवून माकडं जात नाहीत. नुकसानीचा पंचनामा करून घेणं, वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करणं, हे सगळं त्याला सांगितलं. पण त्यानं आजची रात्र निघत नाही. मग आम्ही दोघं धुऱ्यापलीकडच्या घरी गेलो. काका आता नाहीत, त्यांचा मुलगा आहे. तिघांच्या वावरांना मिळून एकच सौर कुंपण घालायचं, खर्च एकराप्रमाणे वाटायचा, आणि त्यातूनही काही शिरलं तर पाळीपाळीनं जागल करायची, असं ठरलं. ठरवायला दोन कप चहा लागला. पाइपाची बंदूक त्यानं स्वतःच फोडून टाकली.

काकांचा मुलगा आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आला. म्हणाला, ‘तुमचे अब्बा दरसाल आमच्या दारात यायचे. बाबा दोन दिवस आधीपासून वाट पाहायचे. नाही म्हणायचं असायचं, तरी पाहायचे.’

हे वहीत नव्हतं. घरी येऊन मी ते लिहून ठेवलं.