वलगण वाचवायची तर नदी राखायला हवी



दळी जमिनीचे दावे आपण लढतोच आहोत. आज नदीचं बोलायचं आहे. पहिला पाऊस पडला की मासे उलटे वर चढतात, ओढ्यात, भातखाचरात अंडी घालतात. हीच आपली वलगण. त्या दिवसांत घरात दाणा नसतो, तेव्हा पाग आणि गळावरच चूल पेटते.

या वलगणीला आता आफ्रिकन मांगूर माशाचा धोका आहे. तो झटपट वाढतो, कोंबड्यांची घाण खाऊनही जगतो, म्हणून धंदेवाले तळ्यांत पाळतात. केंद्र सरकारने 2000 साली त्यावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादानेही तो नष्ट करायला सांगितलं. तरी चोरून पाळणं चालूच आहे.

बंदी का? तो दुसऱ्या माशांची अंडी, पिल्लं, बेडूक सगळं फस्त करतो. घाण पाण्यात आपला मासा गुदमरतो, हा मात्र वर येऊन हवा घेतो. ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरं पाणी गाठतो. राजस्थानात भरतपूरच्या पाणथळीत शिरला, तिथे पाखरंसुद्धा गिळतो. पावसाळ्यात एखादं तळं फुटलं, तर गाढी नाहीतर पाताळगंगेत शिरायला त्याला किती वेळ लागणार? एकदा शिरला की काढणं फार कठीण.

देशी मागूर वेगळा. तो आपलाच, त्याला मारू नका. आफ्रिकन मांगूर फार मोठा होतो, अंगावर करडे-काळे पट्टे-ठिपके असतात. डोक्याच्या हाडाची मागची कड देशी माशात निमुळती, टोकदार असते. याची रुंद, दोन खाचांची असते.

आपला तालुका पेसात नाही, पण 2006 चा वनहक्क कायदा इथेही लागू आहे. कलम 3 मध्ये माशांवरचा सामूहिक हक्क आहे. कलम 5 ने पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे.

म्हणून तीन कामं करू. सामूहिक दाव्यात ओढे, डोह, मासे नावानिशी लिहू. म्हाताऱ्या माणसांचे जबाब जोडू, तो कायद्याने पुरावा आहे. परका मांगूर सापडला तर परत पाण्यात सोडायचा नाही. आणि नदीकाठी असं तळं दिसलं, तर ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदार आणि मत्स्य खात्याला देऊ, पोच घेऊ.

जंगल आपलं म्हणतो, तर त्यातलं पाणीही आपणच राखलं पाहिजे.

जिंदाबाद!