धन पुरूं नका, उधळूंहि नका



धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला तुम्हांस ठाऊक आहेच. त्याचें मर्म आमच्या वसईंतील वडिलांनीं ओळखिलें होतें. सावकाराच्या पाशांतून कुटुंबें सुटावीं म्हणून 1918 सालीं मोन्सिग्नोर मोनिस यांच्या पुढाकारानें पतपेढी निघाली. तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक.

वाडी विकून आलेला पैसा हातोहात सरतांना आम्हीं पाहिला आहे. म्हणून सांगतों, पहिल्या कमाईपासूनच कांहीं भाग बाजूस ठेवा. दरसाल शेंकडा 8 धरल्यास चक्रवाढीनें मुद्दल सुमारें 9 वर्षांत दुप्पट होतें. वयाच्या 18व्या वर्षीं ठेविलेले 1000 रुपये 54व्या वर्षीं सुमारें 16000 होतील. 27व्या वर्षीं ठेविलेले केवळ 8000. नऊ वर्षांच्या आळसानें अर्धें धन जातें!

मात्र थोडक्या दिवसांत दुप्पट देऊं म्हणणाऱ्यापासून दूर राहा. लाभाची आशा मोठी, तेथें बुडण्याचें भयहि मोठें. बँकेंतील ठेवीस 2020 सालापासून 5 लक्ष रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. शेअरांस तें नाहीं. यास्तव अडीअडचणीचा पैसा बँकेंत ठेवावा. दीर्घकाळ न लागणाराच भाग शेअरांत घालावा.

सोपविलेल्या धनाचा हिशेब प्रभूस द्यावयाचा आहे, हें आपण विसरूं नये.