मुखवट्याची काच आणि थेंबभर साबण
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मी सातवी शिकलेली बाई. भाकरी थापताना जेवढे बोलते तेवढेच माझे बोलणे. परंतु आपली सहल यंदा मालवण-तारकर्लीला जायची ठरली, आणि पाण्याखाली उतरून मासे पाहण्यावरून मागच्या बैठकीत बराच वाद झाला. कुणी म्हणाल्या, मुखवट्याच्या काचेला वाफ धरते, तर दुकानातून औषधाची बाटली घ्यावी. कुणी म्हणाल्या, त्या औषधाने मासे मरतात, ते पाप आपल्याला नको. माझा धुळ्याचा भाचा तिकडे हेच काम करतो, म्हणून चौकशी माझ्यावर सोपवली. ती सांगते.

वाफ का धरते हे आपल्याला शिकवायला नको. डाळीच्या पातेल्यावर ताट झाकले की आतून पाणी जमते, तसेच हे. श्वास गरम, काच गार. बारीक थेंब सुटे सुटे बसतात आणि धुके दिसते. काचेला साबणाचा अंश लागला म्हणजे थेंब पसरून एकच पातळ पदर होतो व स्वच्छ दिसते. बाटलीतले औषध म्हणजे बहुधा हाच प्रकार. लहान मुलांचा शाम्पू पाण्यात कालवून लावला तरी चालतो. थुंकी लावली तरी चालते! हसू नका, जगभरचे पाणबुडे तेच करतात. उष्ट्याचा विटाळ वाटत असेल तर ज्या त्या बाईने आपापली लावावी. जपानात समुद्राच्या तळाशी बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायका आहेत, त्यांना ‘आमा’ म्हणतात. त्या आपल्या दवण्याच्या जातीचा पाला काचेवर चोळतात. बाटलीवाचून त्यांचे काही अडले नाही.

आता वस्तू बिघडते का? काच खरी असेल तर साबणाने तिला काही होत नाही. नव्या काचेवरचा कारखान्यातला चिकट थर दात घासायच्या पेस्टने चोळून काढतात. परंतु काचेऐवजी प्लॅस्टिक असेल तर तीच पेस्ट चरे पाडते. स्पिरिट घातलेले औषध डोळ्यांना झोंबते. काही जण काचेवरून काडीची ज्योत फिरवतात. त्याने कडेचे मऊ सिलिकॉन जळते. चुलीपाशी जन्म गेलेल्या बाईने तरी असले करू नये.

माशांचे म्हणाल तर साबण त्यांना बाधतो हे खोटे नाही. कल्ल्यांना इजा होते, अंगावरचा बुळबुळीत थर जातो. पण प्रश्न किती, याचा आहे. थेंबभर शाम्पू समुद्रात विरून जातो. नावेतल्या सगळ्यांचे मुखवटे एका बादलीत विसळून ती रोज एकाच जागी, प्रवाळावर ओतली, तर ते बरे नव्हे. मालवणचा समुद्र १९८७ सालापासून अभयारण्य आहे, आणि तिथल्या कोळ्यांचे पोट त्याच पाण्यावर. म्हणून बादली किनाऱ्यावर आणून मातीत ओतावी. उन्हासाठी अंगाला फासतो त्या मलमाची मला जास्त काळजी वाटते. हवाई बेटांत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्ये असलेल्या मलमांची विक्री प्रवाळासाठी १ जानेवारी २०२१ पासून बंद केली आहे. आपल्याला लांब बाह्यांचे पोलके पुरे.

आणि एक. एका गोधडीला लागतो तेवढा धुण्याचा साबण शंभर मुखवट्यांनाही लागणार नाही. उन्हाळ्यात पांझरेत आणि गिरणेत डबकी उरतात, त्यातही मासे असतात. समुद्रातल्या थेंबावर एवढे भांडलो, तर या धुण्याचाही विचार एखाद्या बैठकीत घ्यावा, असे मी सुचवते.

बाटली घेऊ नये, असे माझे मत. शाम्पूची एक पुडी सर्वांना पुरेल, ती मी आणीन. ज्यांना दमा आहे, कान फुटलेला आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच नाव द्यावे. नावे सरस्वतीपूजनापर्यंत चिटणीसबाईंकडे द्यायची आहेत.