संगणक भाड्याने घ्या, काम झालं की सोडून द्या



मळणी यंत्राचा व्यवहार आपल्याला चांगला ठाऊक आहे. वर्षातून दोन दिवसांचं काम असतं, त्यासाठी कोणी लाखोंचं यंत्र दारात आणून उभं करत नाही. भाडं ठरवतो, सोयाबीन काढून घेतो, पैसे देतो आणि यंत्र पुढच्या शेतात जातं. आज जे सांगणार आहे तेही असंच आहे. इथे भाड्याने घ्यायचा तो संगणक.

आपल्या बऱ्याच गटांनी आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या, जुन्या बियाण्यांची माहिती फोनवर रेकॉर्ड करून ठेवली आहे. पण त्यातली एक ओवी शोधायची तर तासन् तास ऐकत बसावं लागतं. फोन बिघडला तर सगळंच गेलं. हे लिहून काढलं तर पुस्तिका होईल, नातींच्या हाती लागेल.

2022 साली ‘व्हिस्पर’ नावाचा मोफत प्रोग्राम आला. तो बोलणं ऐकून मजकूर लिहितो, मराठीही लिहितो. पण त्याचं मोठं मॉडेल साध्या लॅपटॉपवर फार हळू चालतं. त्याला जीपीयू असलेला ताकदीचा संगणक लागतो. चार दिवसांच्या कामासाठी तो विकत कशाला घ्यायचा?

मोठ्या कंपन्या आपले संगणक इंटरनेटवरून भाड्याने देतात. एका मोठ्या संगणकाचा आपल्यापुरता वाटा वेगळा करून मिळतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ॲमेझॉनने हे 2006 साली सुरू केलं. हे संगणक आता फार लांबही नाहीत. मायक्रोसॉफ्टचं केंद्र 2015 पासून पुण्यात आहे, ॲमेझॉनचं 2016 पासून मुंबईत.

आता हिशोब करू. समजा भाडं तासाला 50 रुपये आहे आणि आपलं काम 10 तासांत झालं. झाले 500 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 90 रुपये. एकूण 590. दहा जणींनी मिळून सहज पेलेल.

पण काम झाल्यावर मशीन तसंच चालू राहिलं तर? महिन्याचे 720 तास. 50 रुपयांनी 36,000, जीएसटी धरून 42,480 रुपये! आपण दहा जणी आठवड्याला 50 रुपये टाकतो, त्याची वर्षाची बचत होते 26,000. म्हणजे वर्षभराची बचत देऊनही बिल फिटणार नाही. मळणी यंत्रवाला काम झालं की स्वतःच निघून जातो. हे मशीन आपण सांगितल्याशिवाय जात नाही.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, नुसतं ‘बंद’ करणं पुरत नाही. काही कंपन्या बंद मशीनचंही भाडं लावतात, काही त्याच्या डिस्कचं लावतात. तयार मजकूर आपल्या लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मग मशीन आणि डिस्क दोन्ही डिलीट करा.

दुसरी, खर्चाची मर्यादा घालून मेसेज येण्याची सोय करा. पण तो मेसेज नुसता निरोप आहे. त्याने मशीन थांबतंच असं नाही.

तिसरी, ‘स्पॉट’ नावाचं मशीन बरंच स्वस्त मिळतं, पण कंपनीला गरज पडली की ती ते मध्येच काढून घेते. ॲमेझॉन फक्त दोन मिनिटं आधी सांगतं. म्हणून एकेक रेकॉर्डिंग पूर्ण करून लगेच जपून ठेवायचं. मग मशीन गेलं तरी एका रेकॉर्डिंगपुरतंच नुकसान.

चौथी, नव्या खात्याला जीपीयू बहुतेक वेळा लगेच मिळत नाही, आधी विनंती करावी लागते. त्यामुळे ऐन वेळी धावपळ नको. त्याआधी गुगलच्या ‘कोलॅब’वर एक छोटं रेकॉर्डिंग मोफत करून बघा. तेवढ्यावर भागलं तर भाड्याचीही गरज नाही.

मशीन चालवणारी गटातली कॉलेजात शिकणारी मुलगी असेल, पण जोखीम तिच्या एकटीवर टाकू नका. खातं उघडताना कार्ड द्यावं लागतं. ते कोणाचं, किती रुपयांपर्यंत खर्च करायचा, मशीन कोणत्या दिवशी किती वाजता डिलीट करायचं, हे बैठकीत ठरवून ठरावाच्या वहीत लिहा. त्या वेळी सचिव आणि आणखी एक जण शेजारी बसा. दुसऱ्या दिवशी बिलाचं पान पुन्हा उघडून बघा.

आणि ज्यांचा आवाज आहे त्यांना आधी विचारा. घरातलं, दुखण्याखुपण्याचं कोणी विश्वासाने बोललं असेल तर ते रेकॉर्डिंग बाजूला ठेवा.

मशीनला आपली बोली पुरती कळत नाही. ‘जातं’ म्हणजे दळायचं की निघून जातं, इथेही ते चुकेल. आलेला मजकूर आजीसमोर वाचून दुरुस्त करावा लागेल. ते काम मात्र भाड्याने मिळत नाही, ते आपल्यालाच बसून करायचं आहे.

येत्या बैठकीत एवढंच करा. कोणाच्या फोनमध्ये किती तासांचं रेकॉर्डिंग आहे, त्याची यादी काढा.