यंत्राने दिलेला शब्द
दुकानदाराने तांदळाची ५० पोती मागविली, की गिरणी, वखार आणि मालमोटार यांचा मेळ घालावा लागतो. हे काम आता संगणकातील स्वयंचलित प्रतिनिधींवर, म्हणजे स्वतः निर्णय घेणाऱ्या आज्ञावलींवर, सोपविता येते. रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेल्या ‘कंत्राट-जाळे’ पद्धतीनुसार एक प्रतिनिधी कामाचा पुकारा करतो. इतर आपापली कुवत पाहून देकार देतात. त्यांतील सोयीच्या देकारास काम मिळते. निविदांचीच ही जुनी रीत, परंतु क्षणात उरकणारी! मात्र वखारीच्या नोंदीत ५० पोती आणि प्रत्यक्षात ४०च असली, तर वखारीचा प्रतिनिधी न फुटणारा शब्द देऊन बसेल. देकार यंत्राने खुशाल द्यावा. पोती मोजण्याची आणि दिल्या शब्दास जागण्याची जबाबदारी मात्र माणसाचीच राहते.